मालक, जाहिरातदार, दाता : व्हीलचेअर-बास्केटबॉलच्या इतिहासातील उद्योगसंस्था

व्हीलचेअरवर बसून खेळल्या जाणाऱ्या बास्केटबॉलचा इतिहास सामान्यतः दोन कालखंडांत विभागून सांगितला जातो. पहिला कालखंड रुग्णालयांचा. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि युद्धात जायबंदी झालेले सैनिक एवढीच पात्रे दिसतात. दुसरा कालखंड कंपन्यांचा. त्यात खेळाडूंच्या अंगरख्यांवर, फलकांवर आणि प्रक्षेपणाच्या मध्यंतरात उद्योगसंस्थांची नावे झळकू लागतात. रुग्णालयात जन्मलेला खेळ कालांतराने बाजारात आला, असा या मांडणीचा मथितार्थ होय. मांडणी सोयीची आहे, परंतु ती पुराव्याला धरून नाही. खेळाच्या पहिल्या दहा वर्षांतच किमान दोन मोठ्या उद्योगसंस्था त्याच्याशी निगडित झालेल्या आढळतात. तेव्हा कंपन्या केव्हा आल्या हा खरा प्रश्न नसून, त्या कोणत्या नात्याने आल्या हा प्रश्न आहे.

हे नाते सांगणारी शब्दसंपत्ती मराठीत विपुल आहे, पण ती एका बाजूला झुकलेली आहे. कोल्हापूरच्या मल्लविद्येला शाहू महाराजांचा ‘राजाश्रय’ होता. संस्थाने गेल्यावर ‘लोकाश्रय’ हा शब्द प्रचारात आला. ‘देणगी’, ‘साहाय्य’, ‘उदार आश्रय’ ही पदे तर स्मरणिकांच्या पानोपानी आढळतात. या सर्व शब्दांत देणारा उंचावर आणि घेणारा खाली अशी रचना गृहीत आहे. ‘प्रायोजक’ हा शब्द दूरदर्शनवरील कार्यक्रमांमुळे घरोघर पोहोचला. त्यात उपकाराची छटा नाही, मोबदल्याची आहे. या सगळ्यांहून साधा असा तिसरा शब्द म्हणजे ‘नोकरी’. खेळांच्या इतिहासात तो क्वचितच महत्त्वाचा मानला जातो. अपंगांच्या खेळाच्या बाबतीत मात्र या साध्या शब्दावाचून बराच इतिहास अनाकलनीय राहतो. (‘अपंग’ हा शब्द येथे त्या त्या काळाच्या व्यवहाराला अनुसरून वापरला आहे. २०१६ च्या कायद्याच्या हिंदी शीर्षकात ‘दिव्यांगजन’ हा शब्द आला आणि तेव्हापासून मराठी शासनव्यवहारातही ‘दिव्यांग’ रूढ झाला. नाव पालटल्याने नाते पालटते काय, हा वेगळा विषय आहे.)

दुसऱ्या महायुद्धापूर्वी मज्जारज्जूला गंभीर इजा झालेला मनुष्य बहुधा फार काळ जगत नसे. मूत्रमार्गाचे विकार आणि शय्याव्रण त्याचा बळी घेत. सल्फा औषधे, पेनिसिलिन आणि शुश्रूषेची नवी पद्धत यांमुळे ही स्थिती पालटली, आणि कमरेखालचे शरीर लुळे पडलेले शेकडो तरुण सैनिक अमेरिकेतील सरकारी रुग्णालयांत वर्षानुवर्षे राहू लागले. त्यांतील अनेकांनी पूर्वी शाळा-महाविद्यालयांतून बास्केटबॉल खेळलेला होता. १९४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील बर्मिंगहॅम रुग्णालयात आणि पूर्वेकडे मॅसॅच्युसेट्समधील कुशिंग रुग्णालयात त्यांनी खुर्च्यांवरून तो पुन्हा सुरू केला. बर्मिंगहॅमच्या ‘फ्लाइंग व्हील्स’ या संघाने १९४८ मध्ये देशभर दौरा केला. १९४९ मध्ये इलिनॉयमधील गेल्सबर्ग येथे टिमथी नजंट यांनी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. हा भाग सुपरिचित असल्याने त्याचा अधिक विस्तार नको.

विस्तार हवा तो पुढच्या टप्प्याचा. रुग्णालयात असेपर्यंत खेळाडूला क्रीडागृह, खुर्ची, सवंगडी आणि रिकामा वेळ या चारही गोष्टी आयत्या मिळत. घरी परतल्याबरोबर त्या चारही नाहीशा होत. निवृत्तिवेतन मिळे हे खरे, पण निवृत्तिवेतनावर मनुष्य जगतो, त्याचा संघ जगत नाही. संघ टिकण्यासाठी एकाच नगरात राहणारे, ठराविक वेळी मोकळे होणारे आणि प्रवासखर्च सोसू शकणारे आठ-दहा लोक लागतात. असे लोक रुग्णालयाबाहेर जेथे एकत्र येऊ शकत होते, ते स्थळ म्हणजे कामाचे ठिकाण. उद्योगसंस्थांचा प्रवेश झाला तो याच दाराने.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील वुडसाइड येथे १९४५ मध्ये बुलोव्हा या घड्याळाच्या कंपनीने घड्याळदुरुस्तीची एक शाळा काढली. कंपनीचे संस्थापक जोसेफ बुलोव्हा यांचे नाव तिला देण्यात आले, आणि त्यांचे पुत्र आर्ड बुलोव्हा यांनी तिच्या उभारणीत पुढाकार घेतला. युद्धात अपंग झालेल्या सैनिकांना तेथे विनामूल्य शिक्षण मिळे. घड्याळाच्या कामाची निवड योगायोगाची नव्हती. हे काम बसून करावयाचे असते, त्यास पायांची गरज नसते, हातांची आणि डोळ्यांची मात्र पराकाष्ठेची असते. घड्याळजी चालत नाही म्हणून घड्याळ मागे पडत नाही. या शाळेत शिकणाऱ्यांचा व्हीलचेअर-बास्केटबॉलचा संघ ‘बुलोव्हा वॉचमेकर्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. नावातच व्यवसाय होता, व्याधी नव्हती, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने तरी दुर्लक्षू नये. ‘फ्लाइंग व्हील्स’ या नावात खुर्ची पुढे आहे, ‘वॉचमेकर्स’ या नावात कसब पुढे आहे.

या शाळेचे संचालक बेंजामिन लिप्टन हे अमेरिकेतील व्हीलचेअर-क्रीडांच्या संघटनेचे एक प्रमुख सूत्रधार ठरले. १९५७ मध्ये लाँग आयलंडवरील अडेल्फी महाविद्यालयात पहिल्या राष्ट्रीय व्हीलचेअर स्पर्धा झाल्या, त्यामागे त्यांचीच खटपट होती. बास्केटबॉलखेरीज इतर खेळांसाठी जी राष्ट्रीय संघटना निर्माण झाली तिचे नेतृत्वही त्यांनी दीर्घकाळ केले. म्हणजे एका कंपनीच्या शाळेचा अधिकारी हाच राष्ट्रीय क्रीडासंघटनेचा कणा होता. आणखी एक दुवा चिंतनीय आहे. १९४५ ते १९४७ या काळात माजी सैनिकांच्या सरकारी खात्याचे प्रमुख असलेले जनरल ओमार ब्रॅडली पुढे १९५८ मध्ये याच बुलोव्हा कंपनीचे अध्यक्ष झाले. लष्कर, शासन आणि कारखाना यांमधील भिंती त्या काळी किती पातळ होत्या, हे यावरून दिसते. कंपनीला या सर्वांतून नावलौकिक मिळाला नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो मिळालाच. परंतु शाळेतून बाहेर पडणाऱ्या मनुष्याच्या हाती त्या लौकिकाहून वेगळी आणि कंपनीला परत न घेता येणारी एक वस्तू येत असे. ती म्हणजे धंदा.

दुसरी संस्था पॅन अमेरिकन ही विमानकंपनी. तिच्या पाठिंब्याने न्यूयॉर्कमध्ये ‘पॅन ॲम जेट्स’ हा संघ उभा राहिला. १९५५ मध्ये हा संघ इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे गेला. तेथे डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, सोळा रुग्णांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धेने एका वार्षिक क्रीडामेळाव्यास आरंभ केला होता, आणि १९५२ मध्ये डच सैनिकांच्या आगमनाने तो आंतरराष्ट्रीय झाला होता. इंग्लंडमध्ये तोवर खुर्च्यांवरून नेटबॉल खेळला जात असे. अमेरिकनांचा खेळ अधिक वेगवान होता. याच सुमारास तेथे नेटबॉलची जागा बास्केटबॉलने घेतली, आणि या स्थित्यंतरात अमेरिकन संघाच्या आगमनाचा वाटा होता असे मानण्यास जागा आहे. एखाद्या खेळाचा प्रकार एका खंडातून दुसऱ्या खंडात जावा आणि त्याचे वाहन एका विमानकंपनीने पुरवावे, हे क्रीडेच्या इतिहासात विरळ म्हटले पाहिजे.

जेट्सचे प्रशिक्षक म्हणून पुढे ज्युनियस केलॉग यांचे नाव झाले. मॅनहॅटन महाविद्यालयाच्या या कृष्णवर्णीय खेळाडूने १९५१ मध्ये सामन्यातील गुणांत फेरफार करण्यासाठी देऊ केलेली एक हजार डॉलरची लाच नाकारली आणि ती गोष्ट उघड केली. त्यातून अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील मोठा घोटाळा चव्हाट्यावर आला. १९५४ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून खेळत असताना मोटार-अपघातात त्यांचे शरीर लुळे पडले. ज्याला पैशाने विकत घेता आले नाही, असा मनुष्य एका कंपनीच्या नावाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. कंपनीचा पैसा आणि खेळाची शुचिता यांचे वैर अटळच असते, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावे.

तथापि, बुलोव्हा आणि पॅन ॲम यांच्या पाठिंब्यात एक मूलभूत भेद आहे. घड्याळशाळेने व्यवसाय दिला. विमानकंपनीने प्रवास आणि नाव दिले. प्रवास संपला की दान संपते. शिवाय, खुर्चीवरील एका संघाला समुद्रापार नेणे आणि खुर्चीवरील प्रत्येक उतारूला विमानात जागा देणे या भिन्न गोष्टी आहेत. अपंग उतारूंविरुद्धच्या भेदभावास प्रतिबंध करणारा अमेरिकन कायदा १९८६ मध्ये झाला, म्हणजे जेट्सच्या उड्डाणानंतर ३१ वर्षांनी. पॅन ॲम ही कंपनी स्वतः १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली.

कंपनी विक्रेती म्हणूनही या खेळात वावरत होती, आणि ते प्रकरण उद्बोधक आहे. अमेरिकेत खुर्च्यांची बाजारपेठ दीर्घकाळ एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या एकाच कंपनीच्या हाती होती. तिचे एक संस्थापक हर्बर्ट एव्हरेस्ट हे स्वतः खाणीतील अपघातात अपंग झालेले अभियंते होते. १९३० च्या दशकात त्यांनी हॅरी जेनिंग्ज यांच्या साहाय्याने पोलादी नळ्यांची घडीची खुर्ची बनविली. त्या काळी ती क्रांतिकारक होती, परंतु तिचे वजन सुमारे ५० पौंड असे, आणि पुढे कित्येक वर्षे तिच्यात मोठी सुधारणा झाली नाही. १९७७ मध्ये अमेरिकन सरकारने या कंपनीवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि १९७९ मध्ये तो तडजोडीने मिटला. सुधारणा आली ती बाहेरून. १९७८ मध्ये ग्लायडरच्या अपघातात पायांतील शक्ती गमावून बसलेल्या मॅरिलिन हॅमिल्टन यांनी ग्लायडर बनविणाऱ्या आपल्या दोन मित्रांना त्याच ॲल्युमिनियमच्या नळ्यांची खुर्ची करावयास सांगितले. ‘क्विकी’ या नावाची ती खुर्ची जुन्या खुर्चीच्या जवळजवळ निम्म्या वजनाची होती. मैदानावर जी खुर्ची चपळ ठरली तीच पुढे घरात, रस्त्यावर आणि कचेरीत शिरली. येथे खेळाडू कंपनीचा आश्रित नव्हता. तो कंपनीचा चिकित्सक होता, आणि प्रसंगी तिचा प्रतिस्पर्धी.

नोकरीचे नाते ज्या देशात सर्वांत खोलवर रुजले तो देश म्हणजे जपान. तेथील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. युताका नाकामुरा यांनी १९६० मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे गुटमन यांच्या हाताखाली अभ्यास केला. गुटमन यांच्या दृष्टीने खेळ हे साध्य नव्हते. रुग्णाने पुन्हा कमावता आणि कर भरणारा नागरिक व्हावे, हे त्यांचे उद्दिष्ट होते. नाकामुरा यांनी हे सूत्र गुरूहूनही अधिक गांभीर्याने घेतले. १९६१ मध्ये त्यांनी ओइता प्रांतात अपंगांची क्रीडास्पर्धा भरविली. रुग्णांना लोकांपुढे आणून त्यांचे प्रदर्शन मांडल्याचा दोष त्यांच्यावर ठेवण्यात आला. पुढच्याच वर्षी दोन खेळाडूंना इंग्लंडला पाठविण्यासाठी त्यांनी आपली मोटार विकली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते.

नोव्हेंबर १९६४ मध्ये टोकियो येथे पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या. जपानच्या संघात ५३ खेळाडू होते. परदेशी खेळाडू नोकरीधंदा करणारे, संसारी, सायंकाळी शहरात हिंडावयास जाणारे होते. जपानी खेळाडू बहुतांशी रुग्णालयांतून आणि आरोग्यधामांतून आलेले होते, आणि स्पर्धा संपताच ते पुन्हा तेथेच परतणार होते. मैदानावर झालेल्या पराभवांपेक्षा नाकामुरा यांना हा फरक अधिक झोंबला. दोन खेळाडूंच्या बाहुबलात जो भेद दिसत होता, त्याच्या मुळाशी त्यांच्या दिनक्रमातील भेद होता. एक रोज कामावर जात होता आणि दुसरा रोज पलंगावर पडून होता.

या निदानातून ऑक्टोबर १९६५ मध्ये बेप्पू येथे ‘तायो नो इए’, म्हणजे ‘सूर्याचे घर’, ही संस्था स्थापन झाली. दया नको, संधी द्या, हे तिचे ब्रीद होते. आरंभीची वर्षे बिकट गेली. कारखानदार देणगी द्यावयास तयार असत, काम द्यावयास नसत. हा प्रकार बेप्पूपुरता मर्यादित नाही, हे सांगणे नलगे. अखेर १९७२ मध्ये ओमरॉन कंपनीचे संस्थापक काझुमा तातेइशी यांच्या सहकार्याने ‘ओमरॉन तायो’ हा संयुक्त कारखाना निघाला. तोटा सोसण्याची तयारी ठेवूनच तो सुरू करण्यात आला होता, परंतु पहिल्याच वर्षी त्याला नफा झाला. या नफ्याचे महत्त्व आकड्याहून फार मोठे होते. त्यानंतर १९७८ मध्ये सोनी, १९८१ मध्ये होंडा, १९८३ मध्ये मित्सुबिशी व्यापारी कंपनी आणि १९८४ मध्ये डेन्सो यांनी अशाच संयुक्त संस्था काढल्या. कामगारांच्या वसाहतीलगत क्रीडागृह होते, आणि पाळी संपली की खेळाडू तेथे जमत. १९७५ मध्ये ओइता येथे अतिपूर्व व दक्षिण पॅसिफिक विभागाच्या अपंगांच्या पहिल्या स्पर्धा झाल्या. १९८१ मध्ये तेथेच आंतरराष्ट्रीय व्हीलचेअर मॅरेथॉन सुरू झाली. नाकामुरा १९८४ मध्ये निवर्तले.

या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आणि ते निराधार नाहीत. वेगळा कारखाना, वेगळी वसाहत, वेगळे क्रीडागृह अशाने समाजात मिसळण्याऐवजी समाजाशेजारी एक नवे गाव वसते. जपानमध्ये अपंगांच्या नोकरीचे प्रमाण १९७६ च्या दुरुस्तीने खाजगी कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि एप्रिल २०२४ पासून ते २.५ टक्के करण्यात आले. उपकंपनीत अपंगांना घेऊन मूळ कंपनीने आपला हिशेब पुरा करावा, अशी मुभाही त्या व्यवस्थेत आहे. मोठ्या कंपनीच्या मुख्य कचेरीचे दार त्यामुळे बंदच राहू शकते. हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. १९६४ मध्ये स्वगृही निष्प्रभ ठरलेला जपान २०२१ मध्ये त्याच टोकियोत पुरुषांच्या व्हीलचेअर-बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात अमेरिकेशी ६० विरुद्ध ६४ अशा अवघ्या चार गुणांनी हरला. मधली ५७ वर्षे केवळ सरावाची नव्हती, ती पगाराचीही होती.

जाहिरातदार कंपन्यांचा इतिहास त्यामानाने अलीकडचा आणि सुबोध आहे. जर्मनीची ऑटोबॉक कंपनी १९८८ च्या सोल स्पर्धांपासून खेळाडूंच्या खुर्च्यांच्या आणि कृत्रिम अवयवांच्या दुरुस्तीची व्यवस्था पाहू लागली. २००३ मध्ये व्हिसा आणि २०१५ मध्ये टोयोटा यांनी आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीशी जागतिक भागीदारीचे करार केले. येथे नाते स्पष्ट आहे. कंपनी पैसे देते आणि त्या बदल्यात प्रसिद्धी घेते. करार संपला की दोघेही मोकळे.

आता भारताकडे वळावयास हरकत नाही. कंपनीच्या नोकरीवर खेळ पोसण्याची कल्पना मुंबई-पुण्याला मुळीच अपरिचित नाही. टाइम्स शील्डसाठी खेळणारे टाटा, एसीसी, निरलॉन, मफतलाल यांचे क्रिकेटसंघ, किंवा कारखान्यांचे कबड्डीसंघ, यांचा आधार नोकरी हाच होता. सकाळी हजेरी, दुपारी मैदान हा क्रम अनेक नामवंत क्रिकेटपटूंनी अनुभवला. हाच क्रम खुर्चीवरील खेळाडूच्या वाट्याला फारसा आला नाही. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी जायबंदी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांना पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरी मिळाली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. पदक आणि पद्मश्री यांमधल्या ४६ वर्षांत लोकांना त्यांचे विस्मरण झाले होते, आणि त्या काळात त्यांना आधार होता तो नोकरीचाच.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे भाग पाडले. त्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिंपिक खेळांच्या जोडीने पॅरालिंपिक खेळांना उत्तेजन देणाऱ्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. हा उल्लेख स्वागतार्ह होय. पण या कायद्याखालील नियम बारकाईने वाचले असता एक विलक्षण गोष्ट आढळते. जानेवारी २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांनुसार कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारे उपक्रम सामाजिक कार्यात मोजता येत नाहीत. आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी प्रायोजक म्हणून केलेला खर्चही मोजता येत नाही. दोन्ही निर्बंधांमागे सबळ कारण आहे. ते नसते तर कंपन्यांनी स्वतःच्या जाहिराती आणि स्वतःच्या नोकरांच्या सवलती समाजकार्य म्हणून दाखविल्या असत्या. परंतु परिणाम असा की, बुलोव्हाने किंवा ओमरॉनने जे केले ते या व्याख्येत बसत नाही, टोयोटाने केले तेही बसत नाही. उरतो तो दाता. ज्या खेळाडूला कंपनीने नोकरीवर घेतले त्याच्या सरावाचा खर्च या खात्यात पडत नाही. ज्याला घेतले नाही त्याचा पडू शकतो.

दुसरीकडे, २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याच्या कलम ३५ मध्ये खाजगी मालकांनी आपल्या कर्मचारीवर्गात किमान ५ टक्के दिव्यांग व्यक्ती घ्याव्यात यासाठी शासनाने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत उत्तेजन द्यावे, अशी तरतूद आहे. ती सक्ती नव्हे, उत्तेजन आहे. एक कायदा खेळाचे नाव घेतो पण नोकरीला वगळतो. दुसरा नोकरीचे नाव घेतो पण ती देण्याची सक्ती करीत नाही. पहिल्या कायद्याच्या नियमांत एक छोटा अपवाद मात्र आहे. भारताबाहेर केलेला खर्च एरवी अमान्य असला, तरी राज्याचे किंवा देशाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या भारतीय खेळाडूंच्या परदेशातील प्रशिक्षणाचा खर्च मान्य केला आहे. खुर्चीवरील बास्केटबॉलपटूला परदेशी प्रशिक्षणासाठी पाठविण्याचा मार्ग त्यामुळे कंपन्यांना मोकळा आहे. परतल्यावर त्याने सोमवारी सकाळी कोठे हजर व्हावयाचे, याविषयी नियम काही सांगत नाहीत.